धुराचा माग

मार्च महिन्यातील एक संध्याकाळ. मी सेवानिवृत्त होण्याच्या आधीच्या वर्षीची ही गोष्ट आहे. नागपूरच्या आमच्या शाळेच्या गच्चीवर काही मुले जमली होती. परीक्षा जवळ आली होती. तरी हातातील वह्या मिटून साऱ्यांचे लक्ष पश्चिमेकडे लागले होते. सूर्य मावळण्यास अजून अवकाश होता. परंतु एरवी प्रखर तेजाने तळपणारा तो सूर्य आज घासून ठेवलेल्या तांब्याच्या तबकासारखा लालसर आणि निस्तेज दिसत होता. दूरची झाडे, पाण्याच्या टाक्या, मंदिरांची शिखरे, सारे काही एका करड्या पडद्याआड गेले होते. हवेला वाळलेला पाला जळाल्याचा वास येत होता.

सूर्याकडे टक लावून पाहू नका, असे मी मुलांना बजावले. इतक्यात आठवीतील एका मुलीने मला विचारले, "सर, आसपास कुठे आग दिसत नाही. मग हा धूर आला कुठून?"

दुसरा एक मुलगा म्हणाला, "कुणीतरी कचरा पेटवला असेल."

"एवढा?" ती मुलगी म्हणाली. "सारे शहर झाकून टाकील एवढा कचरा कोण पेटवील?"

प्रश्न रास्त होता. आपल्या विदर्भातील रानात वाघाचा माग काढणारे लोक आहेत. ओल्या मातीत उमटलेले पाऊल पाहून वाघ कोठून आला, कोणीकडे गेला आणि किती वेळापूर्वी गेला, हे ते सांगतात. पण धुराचे पाऊल कोठे उमटत नाही. त्याला ना वाट, ना मुक्काम. मग त्याचा माग काढावा तरी कसा? त्या संध्याकाळी मुलांनी हा प्रश्न सोडला नाही आणि त्याच्या उत्तराच्या शोधात आम्ही पुढे कित्येक दिवस रमलो. ते उत्तर आज तुम्हांला सांगावयाचे आहे.

प्रथम आपला मुलूख डोळ्यांसमोर आणा. नागपूर हे शहर असले, तरी त्याच्या चारी दिशांना रान आहे. उत्तरेस पेंचचे जंगल, पूर्वेस नवेगाव-नागझिरा, दक्षिणेस चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा, त्याच्या पलीकडे आग्नेयेस गडचिरोलीची दाट अरण्ये आणि पश्चिमेस सातपुड्याच्या रांगांत वसलेला मेळघाट. या रानांत साग, पळस, मोह, तेंदू, ऐन अशी झाडे आहेत. हिवाळा सरू लागला की, त्यांतील बहुतेक झाडे आपली पाने गाळतात. फाल्गुनात पळस फुलतो, तेव्हा वर तांबडी फुले आणि खाली घोटाभर वाळलेला पाला, असे रानाचे रूप असते. हा पाला म्हणजे पसरून ठेवलेले सरपणच होय. एखादी ठिणगी पडावयाचा अवकाश, की रान पेटते. यालाच आपण वणवा म्हणतो. म्हणूनच महाराष्ट्राच्या वन विभागात १५ फेब्रुवारी ते १५ जून हे चार महिने आगीचा हंगाम म्हणून मानले जातात.

वणवा लागला की धूर उठतो. धूर म्हणजे काय? लाकूड आणि पाला पूर्णपणे जळला नाही, तर काजळीचे व इतर पदार्थांचे अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात. मिलीमीटरचे हजार समान भाग केले, तर त्यांतील एका भागाहूनही यांपैकी बहुतेक कण लहान असतात. आपल्या डोक्याचा एक केस अशा कित्येक डझन कणांना शेजारी-शेजारी बसवून घेईल एवढा जाड असतो. हे कण इतके हलके असतात की, ते लवकर खाली बसत नाहीत. आगीच्या उष्णतेने हवा तापून वर चढते, तिच्याबरोबर तेही वर चढतात आणि मग वारा नेईल तिकडे जातात. इतके बारीक असल्यामुळेच ते श्वासावाटे थेट फुप्फुसांत खोलवर शिरतात आणि लहान मुलांना, वृद्धांना व दम्याच्या रोग्यांना त्रास देतात. म्हणून धूर कोठून आला आणि कोणीकडे निघाला, हे जाणणे ही केवळ कुतूहलाची बाब नव्हे.

धूर किती दूर जाऊ शकतो, याची कल्पना आपणांस सहसा नसते. सन १९५० च्या सप्टेंबर महिन्यात कॅनडाच्या पश्चिम भागातील अरण्यांत प्रचंड वणवे भडकले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत, म्हणजे २६ सप्टेंबर रोजी, अटलांटिक महासागराच्या पलीकडे स्कॉटलंडमधील लोकांना आकाशात चक्क निळा सूर्य दिसला! लोक घराबाहेर येऊन आश्चर्याने पाहू लागले. हा काय प्रकार, याचा प्रथम अनेकांना उलगडा होईना. तो कॅनडातील वणव्याचा धूर होता. त्यातील कणांनी सूर्याचा तांबडा प्रकाश अधिक अडवला आणि निळा अधिक येऊ दिला, हे नंतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्या काळी आकाशातून पृथ्वीकडे पाहणारा एकही डोळा नव्हता. हवामानाची चित्रे पाठवणारा पहिला यशस्वी उपग्रह 'टायरॉस-१' हा १ एप्रिल १९६० रोजी आकाशात गेला.

आता याच्याशी २०२३ सालची गोष्ट ताडून पाहा. त्या वर्षीही कॅनडात मोठे वणवे लागले आणि ७ जून रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचे आकाश भरदिवसा नारिंगी झाले. लोक घाबरले खरे. पण कोड्यात पडले नाहीत. धूर कोठून निघाला, कोणत्या वाटेने आला आणि पुढे कोठे जाईल, हे उपग्रहांच्या चित्रांवरून तासातासाला सांगितले जात होते. त्याच्या आधी, २०२० च्या जानेवारीत, ऑस्ट्रेलियातील वणव्यांचा धूर अफाट प्रशांत महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेवर पोचला, तेव्हाही त्याचा सारा प्रवास उपग्रहांनी टिपला होता.

हे आकाशातील डोळे दोन प्रकारचे आहेत. जोंधळ्याच्या शेतात राखण करणारा शेतकरी मचाणावर बसतो आणि एकाच जागेवरून सारे शेत न्याहाळतो. पहिल्या प्रकारचे उपग्रह या राखणदारासारखे असतात. ते विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वी स्वतःभोवती जितक्या वेळात फिरते, तितक्याच वेळात तेही एक फेरी पूर्ण करतात. त्यामुळे जमिनीवरून पाहता ते एकाच जागी स्थिर असल्यासारखे वाटतात. त्यांना भूस्थिर उपग्रह म्हणतात. आपल्या देशाचे २०१६ साली सोडलेला 'इन्सॅट-३डीआर' आणि २०२४ साली सोडलेला 'इन्सॅट-३डीएस' हे उपग्रह याच जातीचे आहेत. असा एक उपग्रह दर अर्ध्या तासाला भारताचे चित्र पाठवतो. दूरदर्शनवर हवामानाच्या वार्तेत ढगांची जी चित्रे दाखवतात, ती याच प्रकारच्या उपग्रहांची असतात. तथापि ३६,००० किलोमीटरवरून बारकावे दिसणे कठीण.

दुसऱ्या प्रकारचे उपग्रह रात्रंदिवस गस्त घालणाऱ्या पहारेकऱ्यासारखे असतात. ते सुमारे ७०० ते ८५० किलोमीटर उंचीवरून, उत्तर व दक्षिण ध्रुवांच्या जवळून फेऱ्या घालतात. एका फेरीस त्यांना सुमारे १०० मिनिटे लागतात. खाली पृथ्वी फिरत असल्यामुळे प्रत्येक फेरीला तिचा नवा पट्टा त्यांच्या नजरेखाली येतो. १९९९ साली सोडलेला 'टेरा' आणि २००२ साली सोडलेला 'अ‍ॅक्वा' या उपग्रहांनी वीस वर्षांहून अधिक काळ पृथ्वीवरील वणव्यांची नोंद ठेवली. पुढे २०११ साली 'सुओमी एनपीपी' आणि २०१७ साली 'नोआ-२०' हे उपग्रह आले. हे दोन्ही एखाद्या ठिकाणावरून साधारणपणे दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. यांची नजर तीक्ष्ण असते. पण पहारेकरी एकदा गल्लीतून गेला की, पुन्हा येईपर्यंत गल्लीत काय घडते ते त्याला कळत नाही. म्हणून राखणदार आणि पहारेकरी या दोघांचीही साक्ष घ्यावी लागते.

आता चित्र हाती आले. पण चित्रात पांढरट, करडे असे पुष्कळ काही दिसते. त्यांतील धूर कोणता आणि ढग कोणता? यासाठी तीन खुणा पाहतात.

पहिली खूण रंगाची. ढगातील पाण्याचे थेंब धुराच्या कणांच्या मानाने बरेच मोठे असतात. ते सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात, म्हणून ढग पांढराशुभ्र दिसतो. धुराचे बारीक कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून वरून पाहिले असता पातळ धूर निळसर करडा दिसतो आणि त्याच्याआडून खालची जमीन अंधूक दिसत राहते. चुलीतून निघणारा धूर काळोख्या भिंतीपुढे निळसर दिसतो, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. कारण तेच.

दुसरी खूण उष्णतेची. प्रत्येक वस्तू आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकत असते. त्या किरणांवरून वस्तू किती गरम किंवा थंड आहे, हे उपग्रहाला कळते. उंचावरचे दाट ढग फार थंड असतात, म्हणून ते अशा चित्रात स्पष्ट उठून दिसतात. धुराचा पातळ पडदा मात्र जमिनीकडून येणाऱ्या या किरणांना फारसा अडवीत नाही. तेव्हा साध्या चित्रात जे दिसते, पण उष्णतेच्या चित्रात जवळजवळ नाहीसे होते, ते ढग नसून धूर असण्याचा संभव अधिक.

तिसरी खूण आकाराची. ढग आकाशात कोठेही जन्म घेतात. धुराला मात्र उगम असतो. नदी जशी उगमापाशी बारीक आणि पुढे रुंद होत जाते, तसा धूरही आगीपाशी अरुंद व दाट आणि पुढे पसरट व विरळ होत जातो. म्हणून धुराच्या पट्ट्याचे अरुंद टोक सापडले, की आपण त्याच्या जन्मस्थानाजवळ आलो असे समजावे.

त्या टोकाशी खरोखर आग आहे काय, हे कसे ओळखावे? लोहाराच्या भात्यापाशी उभे राहून पाहा. लोखंडाची कांब भट्टीतून काढल्यावर हळूहळू निवते, तिची लाली जाते. तरीही हात जवळ नेला तर चटका जाणवतो. डोळ्यांना न दिसणारे किरण त्वचेला जाणवतात. उन्हाळ्यात तापलेली जमीन आणि कित्येक शे अंश तापमानाची आग, ही दोन्ही असे किरण टाकतात. पण आगीच्या किरणांत एका ठरावीक जातीचे अवरक्त किरण जमिनीच्या मानाने कितीतरी पटींनी अधिक असतात. उपग्रहावरील यंत्र नेमके तेच किरण मोजते. 'सुओमी एनपीपी'सारख्या उपग्रहाचे यंत्र जमिनीचे ३७५ मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडते. असा एक चौकोन म्हणजे सुमारे १४ हेक्टर जमीन. सारा चौकोन पेटलेला असण्याची गरज नसते. त्याचा लहानसा भाग पेटला, तरी तेवढ्या उष्णतेने तो शेजारच्या चौकोनांहून वेगळा ठरतो. मग नकाशावर त्या जागी तांबडा ठिपका उमटतो.

चित्र आणि ठिपके, ही दोन साक्षी झाली. तिसरी साक्ष वाऱ्याची. येथे आमची मुले प्रथम फसली होती. त्या संध्याकाळी शाळेपुढील कडुनिंबाची पाने पूर्वेच्या मंद झुळकीने हलत होती. म्हणून धूर पूर्वेकडूनच आला असला पाहिजे, असे त्यांनी ठरवून टाकले. मी त्यांना तिळसंक्रांतीची आठवण दिली. नागपूरच्या मुलांना पतंगाचे काय सांगावे? गच्चीवर वारा नाही म्हणून आपण हिरमुसतो. पण पतंग एकदा वर चढला की, वरच्या वाऱ्यात तो ताठ उभा राहतो आणि कधी कधी खालच्या वाऱ्याहून निराळ्याच दिशेला ओढ घेतो. धूरही वर चढलेला असतो. त्याला नेणारा वारा हा वरचा वारा होय, अंगणातला नव्हे.

हा वरचा वारा मोजण्याची व्यवस्था नागपुरातच आहे. सोनेगावच्या विमानतळाजवळील प्रादेशिक हवामान केंद्रातून हलक्या वायूने भरलेला मोठा फुगा आकाशात सोडतात. त्याला बांधलेले छोटेसे यंत्र वर जाता जाता हवेचे तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा व वेग यांची वार्ता खाली पाठवते. उन्हाळ्याच्या दिवसांत विदर्भावर वरचा वारा बहुधा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून वाहतो.

आता या तिन्ही साक्षी एकत्र करून एक गणित सोडवू. समजा, दर अर्ध्या तासाने घेतलेल्या दोन चित्रांत धुराची कड १० किलोमीटर पूर्वेकडे सरकलेली दिसली. म्हणजे धूर ताशी २० किलोमीटर वेगाने चालला आहे. मेळघाट नागपूरपासून सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. तेव्हा सकाळी आठ वाजता तेथून निघालेला धूर, वारा तसाच राहिला तर, दहा तासांनी, म्हणजे संध्याकाळी सहा वाजता नागपूरवर येईल. हेच गणित उलट मांडले, तर संध्याकाळी दिसलेला धूर सकाळी कोठे असावा, याचा अंदाज येतो. माग काढणे म्हणजे हेच. काळाच्या मागे मागे चालत जाणे. अर्थात प्रत्यक्षात वारा दिशा बदलतो आणि वेगही बदलतो. म्हणून शास्त्रज्ञ हे गणित संगणकावर, निरनिराळ्या उंचीचे वारे धरून करतात.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या संगणकावर आम्ही आदल्या दिवशीची चित्रे पाहिली. निळसर करडा पट्टा मुलांनीच ओळखला. त्याचे रुंद टोक आमच्या शहरावर होते आणि अरुंद टोक पश्चिमेकडे सातपुड्याच्या रांगांत शिरले होते. तेथे काही तांबडे ठिपके होते. मुले आनंदाने ओरडली. एक मुलगी तेवढी गप्प राहिली. आदल्या दिवशी प्रश्न विचारणारी तीच ही. ती वसतिगृहात राहून शिकत होती आणि तिचे गाव त्याच डोंगरांच्या पायथ्याशी होते.

नकाशावर ठिपका उमटल्यावर पुढे काय होते, तेही पाहू. उपग्रहाने पाठवलेली माहिती हैदराबादजवळ शादनगर येथील केंद्रात उतरते. ती राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचा भाग आहे. तेथे आगीची ठिकाणे शोधली जातात. मग डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था, त्यांतील कोणती ठिकाणे जंगलात आहेत, कोणत्या वनपरिक्षेत्रात आणि कोणत्या नियतक्षेत्रात आहेत, हे पडताळून पाहते आणि वन विभागाच्या लोकांना भ्रमणध्वनीवर संदेश धाडते. हे काम २००४ सालापासून चालू आहे. आमच्या नागपुरातही या विद्येची केंद्रे आहेत. १९८८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र हे त्यांपैकी एक. उपग्रहांच्या चित्रांवरून जंगल, पाणी, शेती यांचे नकाशे तेथे तयार होतात.

संदेश वनरक्षकाच्या हाती पडतो. त्यापुढचे काम कोणताही उपग्रह करू शकत नाही. वनरक्षक आणि वनमजूर पायी त्या ठिकाणी जातात. ओल्या, हिरव्या फांद्यांनी ज्वाळा झोडपून विझवतात. यंत्राच्या झोताने पाला बाजूला सारतात. वाटेतले गवत काढून आगीला पुढे खायला काही उरणार नाही, अशी व्यवस्था करतात. हंगाम सुरू होण्यापूर्वीच रानात जाळरेषा काढून ठेवलेल्या असतात. जाळरेषा म्हणजे मुद्दाम मोकळा केलेला जमिनीचा पट्टा. आग तेथवर येते आणि पुढे पाला न मिळाल्याने थांबते. भर उन्हात, पाठीवर पाणी घेऊन, डोळ्यांत धूर जात असताना हे काम करणाऱ्या माणसांची नावे चित्रात उमटत नाहीत.

उपग्रहाच्या नजरेलाही मर्यादा आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. दाट ढग आले, तर त्यांच्याखालची आग त्याला दिसत नाही. रात्री आग दिसते, पण धूर दिसत नाही. कारण धूर पाहण्यास सूर्याचा प्रकाश हवा. पहारेकरी उपग्रह दुपारी निघून गेल्यावर पेटलेली आणि त्याच्या पुढच्या फेरीआधी विझलेली आग त्याच्या नोंदवहीत येत नाही. दाट झाडीखाली सरपटणारी लहान आग निसटू शकते. उलट, एखाद्या कारखान्याची भट्टी तांबडा ठिपका होऊन बसते. ठिपका चौकोनाच्या मध्यावर पडतो. आग त्यापासून शेदोनशे मीटर दूरही असू शकते. म्हणून ठिपका हे अखेरचे उत्तर नव्हे. येथे जाऊन पाहा, एवढेच तो सांगतो.

सर्वांत मोठी मर्यादा निराळीच आहे. आग कोठे लागली, हे उपग्रह सांगतो. का लागली, हे तो सांगत नाही. आपल्याकडील बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. कोणी विडीचे जळते थोटूक टाकतो, कोणाच्या शेतातील धुऱ्याची आग रानात शिरते. तेंदूला नवी कोवळी पाने भरपूर यावीत, या समजुतीने कोणी रान पेटवतो. आणि कोणी मोहफुलांसाठी पाला जाळतो.

काही दिवसांनी ती मुलगी माझ्याकडे आली. खाली मान घालून ती म्हणाली, "सर, माझी आजीपण मोहाखालचा पाला जाळते. फुलं पहाटे गळतात. पाल्यात पडली की दिसत नाहीत. जमीन साफ असली की भराभर वेचता येतात. पण आजी वाईट नाही, सर."

मी तिला जवळ बसवून म्हटले, "बाई, तुझी आजी वाईट आहे, असे कोण म्हणेल? मोहाची फुले वाळवून विकली की चार पैसे घरात येतात, त्यांवर कित्येक घरांचे तेल-मीठ चालते. आजीने पेटवलेली आग तिच्या झाडापुरती असते. पण वारा तिला विचारून वाहत नाही."

शिमग्याच्या सुट्टीत ती गावी गेली. परत आल्यावर तिने मला सारी हकिकत सांगितली. आजीने तिचे ऐकून घेतले आणि विचारले, "पाच झाडांखालचा पाला झाडून काढायला एक दिवस जातो. काडी लावली की घटकाभरात काम होतं. तो दिवस मला कोण देईल, पोरी?" या प्रश्नाला उपग्रहाजवळ उत्तर नव्हते, माझ्याजवळही नव्हते. उत्तर त्या मुलीने शोधले. तिने आणि तिच्या चुलत भावंडांनी दोन दिवस खराटे घेऊन पाचही झाडांखालची जमीन झाडून काढली आणि पाला शेतातील खताच्या खड्ड्यात नेऊन टाकला. दोन झाडांखाली त्यांनी जुनी लुगडी अंथरली. त्यांवर पडलेल्या फुलांना माती लागली नाही, ती स्वच्छ निघाली, हे पाहून आजी खूश झाली. मोहाखाली जाळी बांधून फुले गोळा करण्याची रीत आता काही ठिकाणी रुजू लागली आहे. तिच्यामागे हाच विचार आहे.

"मग पुढच्या वर्षी?" मी विचारले.

"पुढच्या वर्षी आजी म्हणाली, पोरं आली तर झाडू, नाहीतर बघू," ती हसून म्हणाली.

मला तिचा प्रामाणिकपणा आवडला. पाच झाडांनी सातपुड्यातील वणवे थांबत नाहीत. परंतु धुराचा माग काढत काढत आपण शेवटी कोठे येऊन पोचलो, ते पाहा. ३६,००० किलोमीटरवरील उपग्रहापासून निघालो आणि एका मोहाच्या झाडाखाली, हातात खराटा घेतलेल्या मुलीपाशी आलो. शास्त्राने आपल्याला दूरवर पाहणारा डोळा दिला आहे. त्या डोळ्याने दाखवलेल्या ठिकाणी जाणे, तेथील माणसाची अडचण समजून घेणे आणि तिच्यावर उपाय करणे, हे काम मात्र आपल्याच हातापायांनी करावे लागते.

यापुढे कधी सूर्य तांब्याच्या तबकासारखा दिसला, तर केवळ नवल करून थांबू नका. वरचा वारा कोणत्या दिशेचा आहे, याची चौकशी करा. उपग्रहाचे चित्र मिळवून पाहा. आणि पट्ट्याचे अरुंद टोक सापडले की, तेथे कोणाची कोणती गरज पेटली असेल, याचाही विचार करा.